ऑफिसचा लॅपटॉप हातात आला, आता काय? नवीन जॉइन झालेल्यांसाठी आयटीवाल्याचं सांगणं

मी गेली तेरा वर्षं पुण्याजवळच्या एमआयडीसीत वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये आयटी सपोर्ट करतोय. म्हणजे प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरलो, नेट स्लो आहे, माउस हरवला, असलं सगळं माझ्या टेबलावर येतं. दर जुलैमध्ये कॅम्पसची नवीन पोरं येतात, त्यांचं इंडक्शन असतं, त्यात मला वीस मिनिटं मिळतात, तीही जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, म्हणजे सगळ्यांचं लक्ष कॅन्टीनच्या वासाकडे. एचआर बावीस पानी पॉलिसी मेल करतं, सगळे तडक शेवटच्या पानावर जाऊन ॲग्री दाबतात आणि सहा महिन्यांनी माझ्यासमोर बसून म्हणतात, सर, मला माहितीच नव्हतं. तर म्हटलं एकदाचं सविस्तर लिहूनच टाकू, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत.

सही करायच्या आधी

बावीस पानं वाचा असं मी सांगणार नाही, मीसुद्धा दुसऱ्या कंपनीची वाचली नव्हती. पण त्या पीडीएफमध्ये सर्च मारून चार गोष्टी शोधा: स्वतःच्या कामासाठी लॅपटॉप वापरला तर चालतो का, कंपनी काय काय बघते, स्वतःचा मोबाइल किंवा पेनड्राइव्ह जोडता येतो का, आणि बाहेरच्या साइटवर किंवा एआयमध्ये कंपनीची माहिती टाकण्याबद्दल काय लिहिलंय. दहा मिनिटांचं काम आहे.

बहुतेक ठिकाणी मर्यादित वैयक्तिक वापर चालतो असं मोघम वाक्य असतं. त्याचा व्यवहारातला अर्थ साधारण असा, की जेवणाच्या सुट्टीत बँकेचं स्टेटमेंट बघितलं, गावाला जायचं एसटीचं तिकीट काढलं, मुलाच्या शाळेची फी भरली, तर कुणी काही बोलत नाही. पण ऑफिसच्या मशिनवरून शेअरचं ट्रेडिंग दिवसभर चालू ठेवलं, किंवा बायकोच्या साड्यांच्या बिझनेसची बिलं काढली, तर ते मर्यादित राहत नाही. शंका असेल तर एचआरला मेल करून विचारा, तोंडी विचारू नका. तोंडी मिळालेली परवानगी आणि पावसाळ्यातला रस्ता, दोन्हीचा भरवसा सारखाच.

कंपनी काय बघते हे कलम मात्र नीट वाचा. रोमानियातल्या एका इंजिनिअरची केस आहे, बर्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया म्हणून. कंपनीच्या कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलत होता म्हणून २००७ मध्ये त्याला काढलं. भांडत भांडत तो युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये तिथे जिंकला, कारण त्याच्या देशातल्या कोर्टांनी हे तपासलंच नव्हतं की त्याच्यावर लक्ष ठेवणार, आणि इतक्या खोलवर ठेवणार, हे त्याला आधी सांगितलं होतं का. त्यावरून शहाण्या कंपन्यांनी एवढंच शिकायचं की आधी सांगून ठेवा. म्हणून ते वाक्य तुमच्याही पॉलिसीत सापडेल आणि त्याखाली तुमची सही असेल. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यातसुद्धा नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीला नुकसानापासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेता वापरायची वाट ठेवलेली आहे. तेव्हा माझी प्रायव्हसी म्हणून नंतर टेबल आपटण्यात फारसा दम नसतो.

मला नक्की काय दिसतं

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये एक तरी पोरगा जेवण झाल्यावर हळूच येऊन विचारतो, म्हणून इथे उघड सांगतो.

फायरवॉल म्हणजे ऑफिसच्या नेटवरचा पहारेकरी, त्याच्या लॉगमध्ये म्हणजे नोंदवहीत एक ओळ अशी दिसते: वेळ ११ वाजून ४२ मिनिटं ७ सेकंद, युजरचं नाव, मशिनचा नंबर, साइटचं नाव, कॅटेगरी जॉब सर्च, अलाउड, डाउनलोड १.२ एमबी. बास. अशा लाखो ओळी रोज पडतात. ज्या कंपन्यांनी आपलं सर्टिफिकेट लॅपटॉपमध्ये टाकून ठेवलंय तिथे साइटच्या आतलं पानसुद्धा दिसू शकतं, ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसत असलं तरी. इन्कॉग्निटोमध्ये उघडलं तर तुमच्या ब्राउझरच्या हिस्टरीत दिसत नाही, माझ्याकडे दिसतं. इन्कॉग्निटो म्हणजे मांजर डोळे मिटून दूध पितं तसला प्रकार. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला म्हणजे सुटलो असंही नाही, कारण लॅपटॉपमध्ये कंपनीनं बसवलेला एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम नेट कुठलंही असलं तरी आपला रिपोर्ट पाठवतो. स्वतःचा फोन ऑफिसच्या वायफायला जोडला तर त्यावरच्या साइटची नावंही येतात. टीम्सवरचे (ऑफिसचं चॅट-मीटिंगचं ॲप) खाजगी चॅट, डिलीट केलेले मेल, हेसुद्धा चौकशी लागली तर काढता येतात.

आता दुसरी बाजू. मी दिवसभर बसून हे बघत नाही. साडेतीनशे माणसं आहेत, मला स्वतःचा चहा गरम प्यायला वेळ मिळत नाही. एचआर हेडच्या सहीचा मेल आला की अमुक माणसाचा अमुक तारखांचा रिपोर्ट काढतो, तोवर त्या ओळी तशाच पडून असतात. आणि पडून राहायलाच लागतात, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशात लॉग १८० दिवस भारतातच जपून ठेवायला सांगितलंय. त्यामुळे मागच्या महिन्यातलं आता कोण बघतंय असं धरून चालू नका.

याच विषयातला एक विनोदी प्रकार म्हणजे माउस हलवणारं यंत्र. टीम्सचा हिरवा टिपका पिवळा होऊ नये म्हणून लोक ऑनलाइन असलं खेळणं मागवतात, एकानं तर टेबल फॅनच्या जाळीला दोऱ्यानं माउस बांधला होता, मला त्याचं कौतुकच वाटलं. पण अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेनं २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना नेमकं याच कारणानं घरी पाठवलं, कीबोर्ड चालू असल्याचं नाटक केलं म्हणून. काम नसेल तर नाही म्हणून सांगा, पिवळ्या टिपक्यानं कुणाची नोकरी गेलेली मी अजून बघितली नाही.

पहिल्या आठवड्यात एवढं करून टाका

पासवर्ड लांब ठेवा, अवघड ठेवायची गरज नाही. चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरात एकापुढे एक लिहिले तरी तुमच्या नाव-अ‍ॅट-द-रेट-१२३ पेक्षा शंभरपटीनं बरं. तो कीबोर्डखाली चिकटवू नका, मी ऑडिटच्या आधी फेरी मारतो तेव्हा पहिल्यांदा कीबोर्डच उचलतो. मोबाइलवर येणारी दुसरी पायरी, ते अ‍ॅप्रूव्ह करा वगैरे, ती पहिल्याच दिवशी चालू करा, आणि तुम्ही स्वतः लॉगिन करत नसताना अ‍ॅप्रूव्ह विचारलं तर नाही दाबा आणि मला फोन करा. लोक झोपेत हो दाबतात.

जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबायचं, स्क्रीन लॉक. पाणी प्यायला उठलात तरी. सवय लागायला आठवडा जातो. आमच्याकडे कुणी उघडं सोडून गेलं तर शेजारचे त्याच्या मेलवरून सगळ्या डिपार्टमेंटला उद्या माझ्याकडून वडापाव असा मेल टाकतात, त्यानं जेवढी शिस्त लागली तेवढी माझ्या प्रेझेंटेशननं नाही लागली.

तिसरी गोष्ट, ब्राउझरमध्ये स्वतःच्या जीमेलनं साइन इन करू नका. म्हणजे मेल बघायला उघडलं तर एकवेळ ठीक, पण ब्राउझरच्या प्रोफाइललाच स्वतःचं खातं जोडलं की घरचे सगळे सेव्ह केलेले पासवर्ड ऑफिसच्या मशिनवर आणि ऑफिसचे घरच्या मशिनवर. आणि घरचं मशिन म्हणजे ज्यावर भाचा गेम उतरवतो ते.

पासवर्ड दुसऱ्याला देण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे चांगली माणसं अडकतात. एका कंपनीत स्टोअरचे एक सिनिअर सुट्टीवर निघाले, अडायला नको म्हणून ईआरपीचा, म्हणजे माल आणि बिलं सांभाळणाऱ्या सिस्टिमचा, पासवर्ड हाताखालच्या पोराला देऊन गेले. त्यानं बिचाऱ्यानं मालाच्या एंट्र्या मारल्या, त्यात एक एंट्री दोनदा पडली, माल एकदाच आलेला, बिल दोनदा पास. वर्षअखेरीला ऑडिटरनं विचारलं तर सिस्टिममध्ये नाव सिनिअरचं, तारीख त्यांच्या सुट्टीतली, ते म्हणतात मी तर कोकणात होतो. मग प्रश्न असा फिरला की तुम्ही कोकणात होतात तर तुमच्या नावानं कोण बसलं होतं. दोघांनाही मेमो मिळाला. त्यात चोरी कुणाचीच नव्हती. सुट्टीवर जाताना आयटीला सांगितलं तर आम्ही दुसऱ्याच्या नावावर तात्पुरते अधिकार देतो, पाच मिनिटं लागतात. आणि हेच कुणी फसवायच्या हेतूनं केलं, दुसऱ्याचा पासवर्ड वापरून, तर आयटी कायद्याचं ६६ सी कलम लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

पेनड्राइव्ह, डाउनलोड आणि त्या फुकटच्या साइट्स

हॉलिवूडचे हॅकर विसरा. माझ्या तेरा वर्षांत व्हायरसचा सगळ्यात मोठा पुरवठादार म्हणजे कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान. प्रिंट काढायला पेनड्राइव्ह तिथे लावायचा, तोच ऑफिसात आणून लावायचा, की सगळे फोल्डर शॉर्टकट झाले म्हणून मला फोन. त्याहून वाईट म्हणजे शॉपफ्लोअर. तिथल्या जुन्या सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज एक्सपी असते, तिला २०१४ पासून मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट बंद, अँटिव्हायरस नाही, आणि प्रोग्रॅम न्यायला एकच पेनड्राइव्ह गेली आठ वर्षं सगळ्या मशिनवरून फिरतोय, त्याला ऑइलचा वाससुद्धा येतो. तो तुमच्या लॅपटॉपला लावायचा नाही. लावायलाच लागला तर आमच्याकडे स्कॅनिंगचं वेगळं मशिन आहे, तिथे आधी.

डाउनलोडमध्ये दोन गोष्टी मराठी माणसाला हमखास नडतात. एक म्हणजे मराठी टायपिंग. सूचना फलकाची नोटीस मराठीत काढायची असते, मग कुठल्यातरी साइटवरून फॉन्ट आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर उतरवतात, त्याच्याबरोबर तीन टूलबार आणि एक देवच जाणे काय येतं. अहो, विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी आतच आहे. सेटिंगमध्ये वेळ आणि भाषा, तिथे मराठी जोडा, कीबोर्डमध्ये इनस्क्रिप्ट मिळतो आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिकही मिळतो. जोडायचा अधिकार तुमच्या लॉगिनला नसेल तर आम्ही करून देतो. दुसरी म्हणजे पीडीएफ. सरकारी पोर्टल म्हणतं फाइल २०० केबीच्या आत हवी, मग लोक फुकटच्या साइटवर फाइल टाकून लहान करून घेतात. फाइल कसली, तर कामगारांची आधार कार्डं, पगाराची शीट, पीएफचा तक्ता. ती फाइल कुठल्या देशातल्या सर्व्हरवर गेली, किती दिवस राहणार, कुणाला पत्ता नाही. साइट चांगली असेलही, पण तुम्ही साडेतीनशे माणसांच्या पगाराचा जुगार खेळलात. त्या ऐवजी स्कॅन करतानाच रिझोल्यूशन कमी ठेवा, किंवा आम्हाला पाठवा, ऑफलाइन टूल आहे.

क्रॅक सॉफ्टवेअर, म्हणजे लायसन्स न घेता कुलूप फोडून वापरलेलं. डिझाइनचे नवीन मुलगे कॉलेजमध्ये क्रॅकवरच शिकलेले असतात, त्यात त्यांना गैर काही वाटत नाही, आणि इथे लायसन्स मोकळं नसलं की घरचं सेटअप आणतात. दोन अडचणी. क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा असं त्या नोटपॅडच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ते का लिहिलंय ह्याचा विचार करा. आणि कॅडसारखी सॉफ्टवेअरं नेट मिळालं की स्वतःच्या कंपनीला गुपचूप खबर देऊ शकतात, मग आमच्या मालकांना वकिलाचं पत्र. कॉपीराइट कायद्याच्या ६३ बी कलमात जाणूनबुजून बेकायदा कॉपी वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हे वापरणाऱ्याला आहे, फक्त कंपनीला नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आणि एआय

आपल्याकडे अर्धं ऑफिस व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं हे मला माहितीये, डिस्पॅचच्या गाडीचा फोटो ग्रुपवर टाकल्याशिवाय गाडी हलत नाही. ते ठीक. पण कस्टमरचं ड्रॉइंग, ज्यावर कोपऱ्यात गोपनीय म्हणून शिक्का आहे, त्याचा फोटो काढून व्हेंडरला व्हॉट्सअ‍ॅप करायचा नाही, त्या ड्रॉइंगसाठी आपल्या कंपनीनं करारावर सही केलेली असते. शेअर्ड पीसीवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं तर संध्याकाळी लॉगआउट करा. एका सेकंड शिफ्टच्या मुलाला आधीच्या शिफ्टच्या माणसाचं घरगुती भांडण आख्खं वाचायला मिळालं होतं, त्यानं वाचलं, आणि कँटीनमध्ये सांगितलंही.

एआयबद्दल सगळे विचारतात. मेल नीट करून घ्या, एक्सेलचा फॉर्म्युला विचारा, कुणाची हरकत नसते, मीही विचारतो. पण तिथे चिकटवलेला मजकूर बाहेर गेला असं धरूनच चिकटवा. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी २०२३ मध्ये चॅटजीपीटीत कंपनीचा सोर्स कोड टाकला, त्यानंतर मे महिन्यात सॅमसंगनं असली टूल्स बंदच केली. आपल्या केंद्रीय अर्थ खात्यानंही जानेवारी २०२५ मध्ये आपल्या लोकांना ऑफिसच्या मशिनवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका म्हणून कळवलं. तेव्हा कस्टमरचं नाव, रेट, ड्रॉइंग नंबर, माणसांची नावं काढून टाका आणि मग विचारा. कंपनीनं विकत घेतलेलं एआय असेल तर त्याचे नियम वेगळे, ते आम्हाला विचारा.

ग्रुपवरच्या फॉरवर्डबद्दल एकच सांगतो. तसले व्हिडिओ, तसले जोक, ऑफिसच्या ग्रुपवर किंवा शेजारणीला स्क्रीन फिरवून दाखवणं, हे गंमत म्हणून खपत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात अश्लील चित्र दाखवणं हा प्रकार शब्दात लिहिलेला आहे.

मेल उघडताना

आमच्या आधीच्या कंपनीतली गोष्ट. अकाउंट्सच्या मुलीला नेहमीच्या सप्लायरचा मेल आला, बँक बदललीये, पुढचं पेमेंट नव्या खात्यावर करा, सोबत लेटरहेडवर पत्र, खाली सही, सगळं झक्कास. रक्कम सव्वाअकरा लाख. ती मेल बघत बसली आणि म्हणाली, सर, ह्यांच्या नावातला एम जरा फाटल्यासारखा दिसतोय. झूम केलं तर तिथे इंग्रजी एम नव्हताच, आर आणि एन शेजारी शेजारी लावलेले. मग तिनं सप्लायरच्या जुन्या नंबरवर फोन लावला, मेलमधल्या नंबरवर नाही, हे महत्त्वाचं, आणि तो म्हणाला आमचं खातं तर वीस वर्षं तेच आहे. त्या मुलीला कंपनीनं नंतर शंभर रुपयाचं चॉकलेट दिलं, सव्वाअकरा लाख वाचवल्याबद्दल. मला अजून राग येतो.

तर पद्धत अशी: पैसे, खातं, पासवर्ड, ओटीपी, यापैकी काही बदलायला सांगणारा मेल आला की ओळखीच्या जुन्या नंबरवर फोन. साहेबांच्या नावानं आला तरी फोन, विशेषतः साहेब मीटिंगमध्ये आहे फोन करू नको असं लिहिलं असेल तर दोनदा फोन. रिप्लाय ऑल दाबायच्या आधी वरची यादी वाचा. आणि पगाराचं काही पाठवताना पत्ता टाइप करताना आपोआप आलेलं नाव तपासा, एकाच नावाच्या चार माणसांत पगारपत्रक चुकीच्याला गेलं की ते परत बोलावता येतं अशी समजूत आहे, बाहेरच्या पत्त्यावर गेलं की ते कायमचं गेलं.

मॅच

लाइन शंभर एमबीपीएसची. फुल एचडी स्ट्रीम एकाला ढोबळ पाच. आयपीएलची दुपारची मॅच लागली आणि तीस जणांनी लावली की हिशेब तुम्हीच करा. ईआरपी बंद पडली म्हणून मला फोन करणाऱ्यांच्या स्क्रीनवर मी स्कोअर बघितलेला आहे. कँटीनच्या टीव्हीवर बघा.

घरून काम, प्रवास

लॅपटॉप घरी नेला तरी ऑफिसचाच आहे, पोराच्या प्रोजेक्टसाठी नाही. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता, चालू ठेवून काम करा, स्टेशनच्या फुकटच्या वायफायवर शक्यतो नको, मोबाइलचा डेटा वापरा. डेक्कन क्वीनमध्ये मी एकदा मागच्या सीटवरून एका भल्या माणसाचं आख्खं टेंडर वाचलंय, लोणावळा ते दादर, रेटसकट. लॅपटॉप चोरीला गेला तर आधी आयटीला फोन, मग पोलीस. म्हणजे आम्ही लांबूनच तो लॉक करतो किंवा पुसतो. लोक उलट करतात, दोन दिवस शोधतात, ओरडा बसेल म्हणून गप्प राहतात.

चूक झाली तर

हा भाग दोनदा वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

एक ट्रेनी, जॉइन होऊन तीन आठवडे झालेला, कुरिअरच्या नावाच्या मेलमधली अटॅचमेंट उघडून बसला. स्क्रीन एकदा काळी झाली आणि परत आली. त्यानं सात मिनिटांत मला फोन केला, आवाज थरथरत होता, सर मी काहीतरी चुकीचं दाबलंय. मी म्हटलं लॅनची केबल काढ, वायफाय बंद कर, मशिन बंद करू नकोस, हात बाजूला ठेव, मी आलो. त्याच्या मशिनपलीकडे काही गेलं नव्हतं. दुपारपर्यंत दुसरा लॅपटॉप दिला, त्याचा साधा एक रिपोर्ट भरला, विषय संपला. तो आज तिथे टीम लीड आहे.

दुसरे एक गृहस्थ, माझ्यापेक्षा सिनिअर, त्यांनी हेच केलं आणि कुणाला सांगितलं नाही. हिस्टरी पुसली, मेल डिलीट केला, मशिन रीस्टार्ट केलं, ठीक वाटलं म्हणून घरी गेले. शुक्रवार होता. सोमवारी सकाळी शेअर्ड ड्राइव्हवरच्या फाइलींची नावं बदललेली, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी. बॅकअप होता म्हणून चार दिवसांत उभे राहिलो, पण ते चार दिवस चलनं हातानं लिहिली. आणि चौकशीत त्यांना क्लिकबद्दल कुणी फार बोललं नाही, हिस्टरी का पुसली हाच प्रश्न सगळे विचारत राहिले. त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

घाई कशाला म्हणतो ते समजून घ्या. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या डेन्मार्कच्या शिपिंग कंपनीत शिरला, तो थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीतल्या त्यांच्या ग्रुपच्या टर्मिनलपर्यंत आला, तिथलं कंटेनरचं काम खोळंबलं. युक्रेनमधलं सॉफ्टवेअर आणि न्हावा शेवाला ट्रक उभे. एका नेटवर्कमध्ये असली गोष्ट पसरायला मिनिटं लागतात, त्यामुळे केबल काढलेली पाच मिनिटं लाखमोलाची. शिवाय सर्ट-इनच्या त्याच आदेशात असं काही लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचं कंपनीवर बंधन आहे. तुम्ही दोन दिवस गप्प बसलात तर त्या दोन दिवसांचा खुलासाही कंपनीला देत बसावं लागतं.

पैसे गेले असतील तर आणखी एक नंबर पाठ करा, १९३०. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर फोन तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवायची शक्यता जास्त. आधी साहेबांना विचारतो म्हणून थांबू नका, एकानं साहेबांकडे जा आणि एकानं फोन लावा.

राजीनामा दिल्यावर

शेवटच्या महिन्यात लोकांना अचानक आपली सगळी फोल्डर आठवतात. माझी एक्सेल आहे, मी बनवली, मी नेणार. तुम्ही बनवली पण पगार घेऊन बनवली, ती कंपनीची. नोटीस पिरिअडमधल्या माणसाचे मोठे कॉपी, स्वतःच्या जीमेलला फॉरवर्ड, हे सिस्टिम आपोआप लाल करून दाखवते, त्यासाठी मला कुणाच्या मागे लागायला लागत नाही. परवानगीशिवाय डेटा काढून नेणं आयटी कायद्याच्या ४३ कलमात येतं, आणि लबाडीच्या हेतूनं केलं तर ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नमुने हवे असतील तर मॅनेजरला मेलवर विचारा, कस्टमरची नावं काढून काही वेळा देतातही.

स्वतःचं मात्र वेळेत काढून घ्या, राजीनाम्याच्या आधीच. लग्नाचे फोटो, फॉर्म १६, सॅलरी स्लिपा. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा झाला की आम्ही तो पुसतो, आणि पुसल्यावर पाया पडलात तरी काही येत नाही. कंपनीच्या फोनमधून स्वतःचं अ‍ॅपल किंवा गूगलचं खातं काढा, नाहीतर तो फोन लॉकच राहतो, आम्हाला वीट म्हणून वापरावा लागतो आणि तुमचं फुल अँड फायनल अडकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच पॉलिसीत नसतं: बँक, आधार, पीएफचं खातं, इन्कम टॅक्सचं पोर्टल, यांना ऑफिसचा ईमेल किंवा कंपनीनं दिलेलं सिम जोडलं असेल तर ते बदलून मगच सिम जमा करा. गेल्या दिवाळीत आमचे एक जुने मॅनेजर गेटवर आले, सोडून जाऊन आठ महिने झालेले, सिक्युरिटीनं मला बोलावलं. त्यांना पीएफचे पैसे काढायचे होते आणि ओटीपी त्यांच्या जुन्या कंपनी नंबरवर जात होता. तो नंबर आता डिस्पॅचच्या पोराकडे आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, हो सर, रोज येतात काहीतरी आकडे, मी फ्रॉड असेल म्हणून डिलीट करतो, तुम्हीच तर इंडक्शनमध्ये सांगितलं होतं.